पंचवीस नंबरचा देश

शालिग्राम देवतळे यांच्या स्वयंपाकघरातले डबे वर्णानुक्रमानं लावलेले असत. आमचूर, ओवा, खसखस, गूळ, जिरं असे ओळीनं, प्रत्येकावर देवतळ्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. विनताबाईंनी लग्नानंतर वर्षभर भांडून पाहिलं आणि मग नाद सोडला. तक्रार एकच उरली होती. घरात नवी वस्तू आली की देवतळे तिला शेवटी ठेवू देत नसत. तिची जागा शोधून तिथं बसवत आणि पुढचे सगळे डबे एकेक घर सरकवत. एकदा लेकीनं मखाणे पाठवले. देवतळ्यांनी ते मिठाच्या आधी बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहात रवा पडला, कारण साखरेच्या जागेवर आता रवा आला होता.

"चिठ्ठी आहे ना त्याच्यावर," देवतळे म्हणाले.

"चहा करताना चिठ्ठी कोण वाचते?" विनताबाई म्हणाल्या. "हात जागा ओळखते. तुमी जागाच हलवून देता, मंग हातानं काय करावं?"

देवतळ्यांनी तो चहा गाळून प्यायला आणि हाताला नवी सवय लागेल असं सांगितलं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

हा नीटनेटकेपणा वडिलांकडून आला होता. वडील नागपूरला न्यायालयात नकलनवीस होते. छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली, न्यायालय जबलपुरात आलं आणि कागदांच्या गठ्ठ्यांबरोबर वडीलही आले. कडेवर दोन वर्षांचे शालिग्राम. वडिलांनी मुलाला दोनच गोष्टी शिकवल्या. अनुक्रमांकात फट नको आणि पानावर खाडाखोड नको. मुलानं बी. कॉम. केलं, चोविसाव्या वर्षी जबलपूरच्याच नेपियर टाउनमधल्या सुभेदारांच्या कंपनीत लागला आणि तेहतीस वर्षं त्याच दोन नियमांवर काढली.

कंपनीचं काम जमिनीत भोकं पाडण्याचं. कुठं पाण्यासाठी, कुठं खनिज आहे का ते पाहण्यासाठी. आधी महाकोशलात, मग देशभर, आणि पुढं परदेशात. दोन हजार अकरा साली कंपनीची एकशे चाळीस माणसं सत्तावीस देशांत मशिनी चालवत होती. बहुतेक जण जबलपूरच्या आसपासचे, मझौली, सिहोरा, पाटणकडचे. कोणता माणूस कोणत्या देशात आहे, त्याचा परवाना कधी संपतो, घरचा पत्ता काय, हे सांभाळणं देवतळ्यांचं काम. दरवर्षी होळीला आणि दसऱ्याला प्रत्येक घरी कंपनीचं पत्र जायचं. आपले चिरंजीव अमुक देशात कुशल आहेत, खाली देवतळ्यांची सही. गावाकडं ही पत्रं देवाच्या फोटोमागं जपून ठेवत.

कॉम्प्युटर आला तेव्हा यादी बनवायला सुमेधा आली. सव्वीस वर्षांची इंजिनिअर, मराठी घरातलीच, पण बोलताना अर्ध्या वाक्यात हिंदीवर घसरणारी. तिनं देवतळ्यांसमोर एक कागद ठेवला. त्यावर जगातले सगळे देश आणि प्रत्येकापुढं दोन अक्षरं होती.

"काका, हे स्टँडर्ड कोड आहेत. पूरी दुनिया में हेच चालतात. भारत आय-एन, यमन वाय-ई, झांबिया झेड-एम. प्रत्येक माणसाच्या नावापुढे हेच टाकू."

देवतळ्यांनी चष्मा पुसून कागद वाचला. "दक्षिण आफ्रिकेला झेड-ए काहून?"

"असंच आहे, काका."

"स्वित्झर्लंडला सी-एच?"

"त्यांच्या जुन्या नावावरून असेल."

"म्हणजे याला काही क्रम नाही. माझ्या रजिस्टरात देश इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं आहेत, एक ते सत्तावीस. दक्षिण आफ्रिका एकवीस, सुदान बावीस, टांझानिया तेवीस, युगांडा चोवीस, यमन पंचवीस, झांबिया सव्वीस, झिम्बाब्वे सत्तावीस. मधात फट नाही. हेच नंबर टाक."

सुमेधानं समजावून पाहिलं. कॉम्प्युटर प्रत्येक माणसापुढं फक्त कोड जपून ठेवतो आणि त्या कोडसमोर यादीत जे नाव असेल ते पडद्यावर दाखवतो, म्हणून कोड असा हवा की शेजारी कुणीही आलं तरी तो हलणार नाही. देवतळ्यांनी मान हलवली, पण ते ऐकत नव्हते. झेड-ए त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. शेवटी सुमेधा म्हणाली, "चलो, तुमचे नंबर टाकते. पण प्रॉमिस करा, नवीन देश आला तर शेवटी जोडायचा. अट्ठाईस. बीच में नहीं."

देवतळे 'बरं' म्हणाले. मनापासून म्हणाले नाहीत.

दोन हजार अकराच्या जुलैत दक्षिण सुदान हा नवा देश झाला आणि महिन्याभरात तिथल्या विहिरींचं काम कंपनीला मिळालं. सुमेधा तेव्हा टायफॉइडनं घरी होती. देवतळ्यांनी यादी उघडली. अठ्ठावीस लिहायला बोट ठेवलं आणि ते थांबलं. झिम्बाब्वेच्या खाली दक्षिण सुदान. पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याला उष्ट्या पत्रावळींशेजारी बसवावं तसं ते त्यांना दिसलं. त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या खाली जागा केली, तिथं बावीस नंबरवर दक्षिण सुदान बसवला आणि सुदानपासून झिम्बाब्वेपर्यंत प्रत्येकाचा नंबर एकानं वाढवला. काम दहा मिनिटांचं. यादी पुन्हा एकसंध झाली. त्या दिवशी ते समाधानानं घरी गेले.

सुमेधा परत आल्यावर तिनं विचारलं, "नवीन देश टाकला का, काका?"

"टाकला."

"अच्छा," ती म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली.

नोव्हेंबरात यमनमधल्या बातम्या वाईट येऊ लागल्या. एका सोमवारी मालकांनी, शरच्चंद्र सुभेदारांनी, देवतळ्यांना आत बोलावलं. तिकडचं काम पाहणारा मॅनेजर सप्टेंबरातच नोकरी सोडून गेला होता. "यमनमध्ये आपले किती आहेत?"

देवतळ्यांनी यादी छापून आणली. "चार, साहेब."

"चौघांना परत बोलवा. आजच्या आज."

देवतळ्यांनी तासाभरात चौघांची यमनच्या राजधानीहून, सनाहून, तिकिटं काढायला लावली, चौघांच्या घरी फोन केले. त्याच दुपारी एक मेल आला. यमनच्या मुकल्ला बंदरातल्या एका जहाज-एजंटाचा. त्यात लिहिलं होतं की बळीराम भोयर आणि रामकृष्ण निखाडे असे दोन भारतीय मशीनवाले माझ्याकडं आले आहेत. ज्या ठेकेदाराकडं ते होते तो पळून गेला, त्यांचे पासपोर्टही त्याच्यापाशीच राहिले. ते तुमच्या कंपनीचं नाव सांगतात. दुजोरा दिलात तर ओमानकडं जाणाऱ्या ट्रकांत त्यांना जागा देईन.

देवतळ्यांनी नावं शोधली. बळीराम भोयर, मझौली. युगांडा. रामकृष्ण निखाडे, गढा. युगांडा. त्यांना आठवलंही. दोन वर्षांपूर्वी या दोघांचे युगांडाचे कागद त्यांनीच केले होते. परदेशात आपल्या माणसांची नावं सांगून आसरा मागणारे भामटे असतात, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी उत्तर लिहिलं. या नावांचे आमचे दोन कर्मचारी युगांडा देशात कार्यरत आहेत, सबब आपल्याकडील इसम आमचे नव्हेत. जावक क्रमांक टाकला, प्रत फाइलला लावली, हात धुतले आणि डबा उघडला.

मंगळवारी झांबियाच्या कॅम्पवरून श्यामसुंदरचा मेल आला. हा माणूस नेहमीचा थट्टेखोर. "भाऊ, आम्हा चौघांना सनाहून विमान पकडायचा हुकूम आला आहे. इथून सनाला पायी जावं की बैलगाडीनं, तेवढं कळवा." देवतळे मेलची उत्तरं आलेल्या क्रमानंच देत. श्यामसुंदरचा नंबर गुरुवारी लागत होता.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास तुळशीराम भोयर आले. साठीचा माणूस, पांढरं धोतर, खांद्यावर पिशवी. पिशवी त्यांनी टेबलाच्या पायाशी ठेवली.

"पहिल्या तोड्याचे मटार हायेत जी. तुमच्यासाठी आणले. मी बळीरामचा बाप. दसऱ्याले तुमचं पत्र आलं होतं."

"बसा. काय काम काढलं?"

"काम नाही जी. पोरगं रोज चारले मिस कॉल देते. दोन घंट्या वाजल्या की बंद. मंग त्याच्या मायले समजते का पोरगं ठीक हाय, अन् ते चूल पेटवते. आता पाच दिस झाले, घंटी नाही. तिनं चूल पेटवणं सोडलं. मले म्हणे, जबलपूरले जा, देवतळे साहेबाले विचार."

देवतळ्यांनी पडद्यावर नाव काढलं आणि पडदा तुळशीरामांकडं वळवला. "हे पाहा. युगांडा. तिथं सगळं शांत आहे. नेटवर्क गेलं असेल. यमनमध्ये असता तर काळजी होती. तिथल्या चौघांना आम्ही परवाच परत बोलावलं."

तुळशीरामांना पडदा वाचता येत नव्हता, पण त्यांनी तो देवाच्या मूर्तीकडं पाहावं तसा पाहिला. "युगांडाच हाय ना? मंग बरं हाय." ते उठले आणि परत बसले. "एक डाव तुमच्या फोनवरून लावून पाहता का? माह्या फोनवरून बाहेरच्या देशात लागत नाही."

त्यांनी आपला फोन पुढं केला. पडद्यावर ओळीनं एकच नंबर होता. देवतळ्यांनी तो कागदावर उतरवून घेतला आणि सवयीप्रमाणं आधी देशाचा आकडा तपासला. टेबलाच्या काचेखाली सत्तावीस देशांच्या फोन-कोडची यादी होती, त्यांनी स्वतः केलेली. युगांडापुढं दोनशे छप्पन्न होतं. कागदावर नऊशे सदुसष्ट लिहिलेलं होतं.

त्यांना वाटलं उतरवताना चूक झाली. फोन पुन्हा पाहिला. नऊशे सदुसष्ट. मागचा मिस कॉल, त्याच्या मागचा, सगळे नऊशे सदुसष्ट. काचेखालच्या यादीवर बोट वरून खाली आलं आणि यमनवर थांबलं.

"हा नंबर त्यानं कधी घेतला?"

"मे महिन्यात जी. म्हणे, नवीन सिम घेतलं. काहून?"

देवतळे उठले. कपाटातून जुनं हाताचं रजिस्टर काढलं. मे महिन्याचं पान. त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईत, खाडाखोडीशिवाय लिहिलं होतं: भोयर बळीराम, निखाडे रामकृष्ण, युगांडाहून बदली. पुढं देशाच्या रकान्यात फक्त नंबर, पंचवीस.

मे महिन्यात पंचवीस म्हणजे यमन होतं. आता पंचवीस म्हणजे युगांडा.

हात जागा ओळखते, तुमी जागाच हलवून देता. विनताबाईंचं ते वाक्य त्यांना इतकं स्पष्ट ऐकू आलं की त्यांनी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. त्यांनी बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. सव्वीस झांबिया होतं, आता यमन. म्हणजे ते चौघे झांबियात होते. श्यामसुंदर थट्टा करत नव्हता. तेवीस टांझानिया होतं, आता सुदान. बावीस सुदान, आता दक्षिण सुदान. दसऱ्याची पत्रं गेली होती. चाळीसेक घरांत देवाच्या फोटोमागं चुकीचा देश ठेवलेला होता, खाली त्यांची सही.

आणि मग सोमवारचं उत्तर आठवलं. सबब आपल्याकडील इसम आमचे नव्हेत.

टेबलाची कड धरून ते खाली बसले. तुळशीराम त्यांच्याकडंच पाहत होते.

"साहेब, पाणी आणू का?"

"तुळशीरामजी," देवतळे म्हणाले, आणि पुढचे शब्द सापडेनात. तेहतीस वर्षांत त्यांना शब्द कमी पडले नव्हते, कारण सगळे शब्द ठरलेले होते. "तुमचा मुलगा युगांडात नाही. यमनमध्ये आहे."

तुळशीरामांनी पडद्याकडं बोट दाखवलं. "ह्याच्यात तं तुमी..."

"ह्याच्यात चुकीचं आहे. मी चुकीचं केलं."

"त्यानं आमाले काही सांगतलं नाही जी. मायले चिंता होईल म्हणून सांगतलं नसन." म्हाताऱ्यानं पिशवी जवळ ओढली. "मंग तुमी त्याले आणून राहिले ना? त्या चौघांसोबत?"

देवतळे मालकांच्या खोलीकडं चालू लागले. जाताना सुमेधाच्या टेबलापाशी थांबले. "दक्षिण सुदान मी शेवटी नाही टाकला," ते म्हणाले. "मधात टाकला."

सुमेधानं त्यांच्याकडं पाहिलं. "कब?"

"ऑगस्टात."

"बाकीचे नंबर?"

"सरकवले."

खुर्ची ओढून तिनं देशांची यादी उघडली, बावीस नंबरवर नजर टाकली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग म्हणाली, "मी पण नाही पाहिलं, काका. मी नुसतं अच्छा म्हटलं."

शरच्चंद्र सुभेदारांनी सगळं उभ्यानं ऐकलं. मुकल्लाचा मेल आणि देवतळ्यांचं उत्तर दोनदा वाचलं.

"दोन नावं, देवतळे. दोन्ही जुळली. भामटा एक नाव चोरेल. दोन नावं, दोन गावचे, आपल्याच कंपनीचे. तुमच्या मनात आलं नाही?"

"कॉम्प्युटरवर युगांडा होतं, साहेब."

"कॉम्प्युटरवर तुम्हीच टाकलं होतं ना?"

"हो."

मालकांनी फोनकडं हात नेला. "आत्ता लिहा. पहिल्या पत्रात चूक होती, ही आमची माणसं आहेत, पासपोर्टचे नंबर हे. फोटो जोडा. मी दूतावासात बोलतो. बाकी नंतर."

पत्र सुमेधानं टाइप केलं. देशाच्या रकान्यात ती थांबली आणि म्हणाली, "काका, वाय-ई लिहू? तिकडं सगळे वाचतात." देवतळ्यांनी मान हलवली. मेल गेला. मग त्यांनी जावक रजिस्टर उघडलं आणि सोमवारच्या नोंदीवर लाल शाईची एक आडवी रेघ मारली. त्यांच्या हातानं मारलेली ती पहिली रेघ होती. रेघ वाकडी आली.

एजंटाचं उत्तर दुपारी आलं, चार ओळींचं. तुमचं उत्तर मी सोमवारी त्या दोघांना वाचून दाखवलं. तरुण माणसानं ते मला पुन्हा वाचायला लावलं. मंगळवारी सकाळी दोघे माझ्या गोदामातून निघून गेले, कुठं ते माहीत नाही. ओमानकडं जाणाऱ्या रस्त्याला लागले असावेत. तुमचं नवं पत्र सीमेच्या चौकीवर आणि वाटेतल्या ट्रकवाल्यांना पाठवत आहे.

देवतळ्यांनी ते उत्तर मराठीत करून तुळशीरामांना सांगितलं. एक ओळ गाळायची इच्छा झाली. तीच ओळ त्यांनी आधी सांगितली, आणि सोमवारी आपण काय लिहिलं होतं तेही.

तुळशीरामांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. रागावले नाहीत, हे देवतळ्यांना जास्त लागलं. "म्हणजे त्याले असं वाटून राहिलं असन का कंपनीनंच म्हटलं, तू आमचा नाही," ते म्हणाले. "मझौलीत कोणाचं ढोर हरवलं तं सरपंचबी असं लिवून देत नाही. म्हणते, पाहून सांगतो."

ते मझौलीला परत गेले नाहीत. जबलपुरातच, गढ्यात पुतण्याकडं राहिले आणि गुरुवारी ऑफिस उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसले. चारची वेळ आली तसा त्यांनी फोन टेबलावर मधोमध ठेवला. देवतळे समोर. सुमेधानं जूनची जुनी प्रत काढून एकेक माणूस तपासायचं काम चालवलं होतं. ती नंबरांऐवजी दोन-दोन अक्षरं भरत होती आणि प्रत्येक माणसाच्या कॅम्पवर फोन करून विचारत होती, तुम्ही कुठं आहात. चार वाजले. सव्वाचार. साडेचार. खालच्या कोचिंग क्लासची मुलं सुटली, स्कूटर सुरू झाल्या, त्यांचा आवाज विरला. फोन वाजला नाही.

"उद्या वाजन," तुळशीराम म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

त्या रात्री विनताबाईंनी विचारलं, जेवत का नाही. देवतळ्यांनी सांगितलं. विनताबाई ऐकत राहिल्या. डब्यांचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं देवतळ्यांना वाटलं.

शुक्रवारी सकाळी सुमेधानं निकाल सांगितला. एकशे चाळीसांपैकी अडतीस जणांचा देश चुकला होता. दोघे सोडून सगळे जिथं होते तिथं सुखरूप होते. दुपारी मालक बाहेर येऊन उभे राहिले आणि परत गेले. चारला फोन पुन्हा मधोमध आला. तुळशीरामांनी एक शेंग सोलायला घेतली होती, दाणे टेबलावर तसेच पडले होते.

चार वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला. दोन घंट्या, आणि बंद.

तुळशीरामांनी झडप घालून फोन उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि त्यांचा हात खाली आला. "हा आपला नोहे जी. आपल्याच्यात तिसरा आकडा सात राहाते. ह्याच्यावर आठ हाय. कोणाचा चुकून लागला."

देवतळ्यांनी फोन घेतला. नऊशे अडुसष्ट. एका आकड्याचा फरक. एका आकड्यानं सरकलेलं सगळं गेले तीन दिवस त्यांच्या डोळ्यांपुढं फिरत होतं, आणि हा पुन्हा तसाच, एकानं पुढं. ही पण चूक असणार असं त्यांच्या मनानं आधीच ठरवून टाकलं. तरी त्यांनी काच पुसली, बोट यादीवर ठेवलं आणि अगदी पहिल्या ओळीपासून वाचत खाली आले. कुठलीही ओळ सोडली नाही. यमनच्या कितीतरी वर, दक्षिण आफ्रिकेच्याही वर, जिथं काही हललं नव्हतं तिथं नऊशे अडुसष्ट होतं.

"ओमान," ते म्हणाले. "तुळशीरामजी, हे ओमान आहे. सीमा ओलांडली."

सुमेधा धावत आली. देवतळ्यांनी ऑफिसच्या फोनवर आकडे फिरवले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा लागला. पलीकडं वारा आणि इंजिनाचा आवाज होता.

"कोण?" तरुण, थकलेला आवाज.

"मी जबलपूरहून देवतळे बोलतो. बळीराम?"

"देवतळे काका," आवाज म्हणाला. "ते पत्र तुमचं होतं ना? का आम्ही कंपनीचे नाहीच?"

मालक दारात येऊन उभे होते. तुळशीराम हात पुढं करून उभे होते. फोन त्यांच्या हातात देऊन टाकणं सोपं होतं.

"हो," देवतळे म्हणाले. "माझंच होतं. मीच लिहिलं."

"रामकृष्णभाऊ म्हणे, कंपनीले आपण नको असू. मी म्हणलं, देवतळे काका असं लिवत नाहीत. मंग एजंटनं नाव वाचलं, खाली तुमचंच." इंजिनाचा आवाज वाढला, कमी झाला. "काल चौकीवर शिपायानं दुसरा कागद दाखवला. त्याच्यावर वाय-ई लिवलं होतं अन् आमचे फोटो. तो पण तुमचाच?"

"तो पण माझाच."

"त्याच्यावर सोडलं आमाले." देवतळे वाट पाहत राहिले. पुढं काहीतरी येईल, शिवी येईल, निदान प्रश्न येईल असं त्यांना वाटत होतं. बळीराम म्हणाला, "बाबा हायेत का तिथं? बाबाले द्या."

देवतळ्यांनी फोन दिला. तुळशीरामांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि पहिलं वाक्य काय बोलावं ते न सुचून म्हणाले, "मायनं चूल नाही पेटवली रे सात दिस. आता शेजारच्या घरी मिस कॉल दे, आपला फोन माह्यापाशीच हाय. तिले माह्याकडून नको समजू दे."

पुढच्या मार्चमध्ये देवतळे निवृत्त झाले. त्याआधी त्यांनी अडतीस घरी दुसरं पत्र लिहिलं आणि प्रत्येक पत्रात पहिल्या पत्रातली चूक स्वतःच्या नावानं कबूल केली. कंपनीची यादी तेव्हा दोन अक्षरांवर चालत होती. दक्षिण आफ्रिका झेड-ए होती आणि झिम्बाब्वेच्या मागं बसली की पुढं, याच्याशी कोणालाच घेणं नव्हतं. निरोपाच्या दिवशी बळीराम आला नाही. मटाराच्या शेंगांची पिशवी मात्र मझौलीहून आली होती, वर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं.

विनताबाईंनी मटार सोलून डब्यात भरले आणि विचारलं, कुठं ठेवू. देवतळे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून फळीकडं पाहत होते. खसखस, गूळ, जिरं.

"शेवटी ठेव," ते म्हणाले. "बाकीच्यांना हात लावू नको."